दोन अंशांचं पाणी

जानेवारीत एखाद्या पहाटे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा ६ अंशांच्या खाली गेल्याची बातमी येते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळने ४५ अंश ओलांडल्याची. खान्देशातला माणूस दोन्ही बातम्या वाचतो आणि पान उलटतो, त्याला दोन्हींची सवय असते. मला ती चैन नाही. वर्षभरात बाहेरची हवा ४० अंशांनी वरखाली होते आणि माझ्याकडे सांभाळायला असलेल्या काचेच्या टाक्यांमधलं पाणी २४ ते २६ अंशांच्या आतच राहावं लागतं. त्या पाण्यात प्रवाळ आहेत. समुद्रापासून इतक्या आत, केळीच्या आणि कापसाच्या मुलखात, लोकांच्या दिवाणखान्यांत आणि दवाखान्यांत प्रवाळ जगवणं हे माझं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

माशांच्या टाक्या बसवायच्या आणि सांभाळायच्या हा माझा व्यवसाय. राहते जळगावात, ठरलेल्या वारी एरंडोल, पारोळा करत धुळ्यालाही जाते. बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या असतात. गप्पी, मॉली, गोल्डफिश, ज्यांना वास्तूचं वेड असतं त्यांच्याकडे फ्लॉवरहॉर्न नाहीतर ॲरोवाना. खाऱ्या पाण्याच्या टाक्या मोजक्याच. त्यांतही मी एकाच जातकुळीचं प्रवाळ ठेवते, मशरूम. ठेवते म्हणजे तेवढंच ठेवते, दुसरं ठेवायला सांगितलं तर नाही म्हणते. तसं का, ते पुढे येईलच.

आधी हा प्राणी सांगते. दगडाला चिकटून बसलेली मांसल, गोल चकती. मधोमध बारीक तोंड. खाणं तिथूनच आत जातं आणि नको ते तिथूनच बाहेर येतं. डिस्कोसोमाची चकती गुळगुळीत असते, रोडॅक्टिसच्या अंगावर बारीक गोंडे असतात, रिकॉर्डियाच्या अंगावर फुगीर टपोरे फोड, प्रत्येक फोड चमकणारा. निळ्या दिव्याखाली यांचे हिरवे आणि केशरी रंग आतून पेटल्यासारखे दिसतात, कारण त्यांच्या पेशींमधली काही प्रथिनं निळा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. दुपारी दिवा भरात आला की चकत्या पसरतात, दिवा गेला की आक्रसतात. हालचाल इतकी सावकाश की समोर बसून दिसत नाही, दुसऱ्या दिवशी कळते.

धुळ्याला देवपुरात लहान मुलांच्या एका दवाखान्यात बाहेरच्या खोलीत अशी एक टाकी आहे. नातवाला घेऊन आलेली एक आजी मी पाणी बदलत असताना जवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, “हाई काय शे बाई? फूल शे का जनावर?” मी म्हटलं, जनावर आहे, आजी. तिने लगेच पुढचा प्रश्न केला, “मंग खास काय?” प्राणीशास्त्राच्या वर्गात शिक्षकांनी विचारावा असा हा प्रश्न. जिवंत म्हटलं की त्याला काहीतरी खावं लागणार, आणि हे तर जागचं हलतही नाही. मी तिला सांगितलं की याच्या अंगात, कातडीच्या आत, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा याला देतं. हा त्याला राहायला जागा देतो. आजीला ते पटलं. नातवाला पुढे ओढून तिने त्यालाही तेच सांगितलं, माझ्यापेक्षा सोप्या भाषेत.

त्या शेवाळाला शास्त्रात झूझँथेली म्हणतात आणि सगळी गोष्ट त्याच्यापाशी येऊन थांबते. पाणी तापलं की ही भागीदारी मोडते. तापलेल्या पेशीत शेवाळाकडून घातक ऑक्सिजन तयार व्हायला लागतो, प्राणी ते शेवाळ अंगाबाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडला म्हणजे लगेच मेला असं नाही, पण त्याचं जेवण बंद झालेलं असतं. समुद्रातल्या प्रवाळांच्या बाबतीत हा हिशेब फार बारीक आहे. एखाद्या जागी उन्हाळ्यात नेहमी जेवढं कमाल तापमान असतं, त्याच्या एकच अंश वर पाणी काही आठवडे राहिलं की प्रवाळ पांढरे पडायला लागतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे झालं, २०२४ साली पुन्हा झालं. एक अंश. आमच्याकडे ४३ आणि ४४ मधला फरक कोणी मोजतही नाही.

प्रवाळ हा शब्द खान्देशाला नवा नाही. अमळनेरला मंगळग्रहाचं मंदिर आहे. मंगळवारी तिथे लांबून लांबून लोक येतात, पत्रिकेतल्या मंगळाची शांत करून घेतात. मंगळाचं रत्न पोवळं. जळगावच्या सराफ बाजारात ते तांबड्या रंगाचं, गुळगुळीत, अंगठीत बसवून मिळतं. आयुर्वेदाच्या दुकानात प्रवाळ पिष्टी मिळते. म्हणजे प्रवाळ आमच्या बोटात आहे, औषधात आहे, फक्त जिवंत कधी कोणी पाहिलेलं नाही. ते तांबडं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. तिथल्या एका प्रवाळाच्या सांगाड्याची ती फांदी असते आणि तिची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. करंगळीएवढी फांदी व्हायला कित्येक वर्षं त्या बारीक जीवांनी घातलेली असतात. इटलीत नेपल्सजवळ तोरे देल ग्रेको नावाचं गाव पिढ्यान्‌पिढ्या या पोवळ्याच्या कोरीव कामावर जगत आलं आहे. मी अंगठी घालणाऱ्याला काही म्हणत नाही, ती श्रद्धेची गोष्ट आहे. पण तो खडा कोणाचं तरी घर होता हे त्याला माहीत असावं असं मला वाटतं, आणि विचारलं तर सांगते.

एका पेढीवाल्या भाऊंनी मला एकदा विचारलं होतं, टाकीत खरं पोवळं लावून द्या ना, फांद्याफांद्यांचं, तांबडं नसलं तरी चालेल. पैशांची अडचण नव्हती, माल आणून देणारा माणूसही त्यांच्या ओळखीचा निघाला. मी नाही म्हटलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रातल्या बऱ्याच प्राण्यांची नावं आली. त्यांत कडक सांगाड्याची, खडक बांधणारी सगळी प्रवाळं आहेत, काळी प्रवाळं आहेत, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप प्रवाळ आहे. वाघाला जी अनुसूची लागू, तीच यांना. जिवंत असो की मेलेलं, फांदी असो की तुकडा. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून जो दगड काही दुकानांत मिळतो, तोही बहुधा मेलेल्या प्रवाळाचाच असतो. मशरूमला सांगाडा नाही, त्या यादीत ते नव्हतं. पण माझं समाधान तेवढ्यावर होत नाही. माझ्याकडची सगळी मशरूम टाकीतच वाढलेल्या मशरूमची पिल्लं आहेत. पहिली चकती पुण्यातल्या एका हौशी माणसाच्या टाकीतून आली, त्याच्याकडे ती आधीच्या टाकीतून आलेली. कुठल्याही खडकावरून माझ्यासाठी कोणी काही खरवडलेलं नाही. भाऊ आधी नाराज झाले. मग मी त्यांना एका टाकीत पसरलेली हिरवी रोडॅक्टिस दाखवली. आज त्यांच्या पेढीत तीच आहे, आणि गिऱ्हाइकांना तेच समजावून सांगतात की हे कापून वाढतं, तोडून आणावं लागत नाही.

दगडाचा प्रश्न उरतो, कारण मशरूमला बसायला काहीतरी हवंच. मी ते घरी बनवते. सिमेंट, जाडी वाळू, आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा. मीठ मिसळून लगदा करायचा, वाळूत खड्डे करून त्यात ओतायचा, सुकला की पाण्यात बुडवायचा. मीठ विरघळतं आणि दगडाला भोकं पडतात, जिवाणूंना राहायला जागा होते. ओल्या सिमेंटने पाण्याचा सामू फार वर जातो म्हणून हा दगड पाणी बदलत कित्येक आठवडे भिजवत ठेवावा लागतो. माझ्या गच्चीवर अशी पिंपं कायम भरलेली असतात. शेजारच्या काकूंना सुरुवातीला वाटायचं मी लोणचं घालते.

मशरूमच्या सांगाड्याबद्दल शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे आणि तो मला फार आवडतो. २००६ साली काही संशोधकांनी जनुकांवरून मांडलं की हे मुळात कडक प्रवाळच होते, क्रिटेशियस काळात समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकलं तेव्हा त्यांनी सांगाडा सोडून दिला. त्यांना ‘नागडी प्रवाळं’ असंच नाव त्यांनी दिलं. पुढे जास्त जनुकं तपासली गेली तेव्हा उलट दिसलं, की कडक प्रवाळांचा वंश एकसंध आहे आणि मशरूम त्यांचे सख्खे शेजारी, सांगाडा त्यांच्या घराण्यात कधी नव्हताच. मला दुसरं पटतं, पुरावा तिकडे जास्त आहे. पण पहिली कल्पना मनातून जात नाही. क्रिटेशियस काळातच सातपुडा ओलांडून पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात, आजच्या धार जिल्ह्यातल्या बागच्या परिसरात समुद्र आत आला होता. त्याचे चुनखडीचे थर तिथे आजही उघडे आहेत, त्यांत शिंपले, सागरी साळिंदरं, शेवाळप्राणी यांचे जीवाश्म सापडतात. त्यानंतर लाव्हारस आला आणि आमचा काळा कातळ झाला. मी ज्या जमिनीवर मीठ कालवते तिच्याजवळ एकदा खरा समुद्र होता, हे कळल्यापासून धुळ्याच्या वाटेवरचा काळा दगड मी जास्त लक्ष देऊन बघते.

आता पाणी. प्रवाळाच्या टाकीत मीठ जितकं महत्त्वाचं तितकंच मीठ नसलेलं पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग उठवणारं. नळाचं पाणी जळगावात वाघूर धरणाचं येतं, धुळ्यात तापीचं आणि नकाणे तलावाचं, तेही रोज येत नाही. हे पाणी तसंच वापरलं तर आधीचे क्षार आणि क्लोरीन टाकीत जातात, शेवाळ माजतं. म्हणून आर.ओ., त्यापुढे उरलेले क्षार काढणारी डी.आय.ची नळी, आणि मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य दिसेपर्यंत थांबायचं. आर.ओ.मधून जेवढं पाणी मिळतं त्याच्या दुप्पट-तिप्पट बाहेर जातं. पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे पाणी मोरीत सोडणं मला सहन होत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी टाकी बसवताना माझी पहिली अट असते की आर.ओ.च्या सांडपाण्याखाली पिंप ठेवायचं आणि ते धुण्याभांड्याला वापरायचं. टाकीतून काढलेलं खारं पाणी मात्र झाडांना घालायचं नाही, माती नासते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलोहून थोडं जास्त मीठ, आणि ते खाण्याचं नव्हे, प्रवाळाच्या टाकीसाठी बनवलेलं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सगळं मापात. रिफ्रॅक्टोमीटरने बघून पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की मगच टाकीत घालायचं. कडक प्रवाळ ठेवणारे कॅल्शियम आणि अल्कलिनिटीच्या मागे रोज लागतात, कारण सांगाडा बांधायला ते संपत राहतं. मशरूम ते जवळजवळ वापरतच नाही, महिन्यातून दोनदा थोडं पाणी बदललं की भागतं. त्याला अगदी निर्मळ पाणीही मानवत नाही. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम असावं, माशांचं खाल्लेलं-टाकलेलं थोडं पाण्यात असावं. उजेडही मध्यम, प्रवाहही हलका. फार जोराचा प्रवाह आला की चकती आखडून बसते, फार कडक उजेड आला की रंग उतरतो. नवीन हौशी लोकांना वाटतं महाग दिवा म्हणजे चांगलं प्रवाळ. मी त्यांना दिवा अर्ध्यावर ठेवायला लावते आणि महिनाभर हात न लावता थांबायला सांगते. हे शेवटचं सांगणं सगळ्यात अवघड जातं.

आणि मग मे येतो. मुंबई-पुण्याहून फोन आला की लोक हमखास विचारतात, अहो, तुमच्याकडे ४५ अंशांत हे कसं जमतं? चिलर हे त्याचं सरळ उत्तर. पण चिलर महाग, वीज खातो, आणि पाण्यातली उष्णता काढून त्याच खोलीत सोडतो. आमच्या बहुतेक टाक्या पंख्यावर चालतात. टाकीचं झाकण काढून पाण्यावर तिरका वारा सोडायचा, बस. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते इतकी उष्णता घेऊन जातं की शंभर लिटरचं पाणी पाच अंशांहून जास्त उतरू शकेल. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने, आणि आमच्या कोरड्या वाऱ्यात माठ किती गार होतो हे खान्देशात कोणाला सांगायला नको. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा लंगडा पडतो.

म्हणून खरी कसोटी मेमध्ये नसते, जुलै-ऑगस्टमध्ये असते. पाऊस पडतो, हवा ३० अंशांवर येते, लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि टाकीतला आकडा वर चढायला लागतो. हवेत आधीच पाणी भरलेलं, वाफ होणार कुठून? पंखा फिरत राहतो आणि पाणी २७ आणि २८ च्या मध्ये अडकतं. पहिल्यांदा हे बघणारा गोंधळतो, त्याला वाटतं तापमापक बिघडला. अशा दिवसांत दिव्याचे तास कमी करायचे, खोलीत उलटी हवा फेकणारा पंखा लावायचा म्हणजे दमटपणा बाहेर जातो, दवाखान्यासारख्या ठिकाणी एसी असतोच तो रात्रीही मंद चालू ठेवायला सांगायचं. मशरूम २८ अंश काही दिवस झेलतं, हेच त्याचं मोठेपण.

वाफेची दुसरी बाजू अशी की पाणी जातं आणि मीठ मागे राहतं. मेमध्ये मध्यम टाकीतून दिवसाला काही लिटर सहज उडतात. ते भरून काढायला खारं पाणी घातलं तर आठवडाभरात टाकी समुद्रापेक्षा खारट होते. म्हणून काचेवर स्केचपेनने रेघ, आणि पाणी रेघेखाली गेलं की फक्त शुद्ध गोडं पाणी. आपोआप भरणारी यंत्रं मिळतात, पण रेघ घरातल्या सगळ्यांना कळते. एरंडोलला एका घरी आठवीतली मुलगी शाळेत जाण्यापूर्वी ही रेघ बघते. त्या टाकीची काळजी मला करावी लागत नाही.

वीज गेली की पंखाही थांबतो आणि प्रवाहही. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, त्यात ते साचून राहिलं की मासे आधी तोंड वर करतात आणि प्रवाळ चिकट तार सोडायला लागतं. म्हणून पंखा, पाणी हलवत ठेवणारा वेव्हमेकर आणि हवेचा पंप यांना इन्व्हर्टर, दिव्यांना नाही. दिवा चार तास नसला तरी कोणी मरत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकायची युक्ती सगळीकडे चालते. मी ती शेवटची ठेवते, कारण तीन अंश झटकन उतरणं हाही प्रवाळाला धक्काच असतो. तापमान चढलंच असेल तर ते सावकाश उतरवायचं.

हिवाळ्यात सगळं उलटं. पहाटे हीटर लागतो, आणि तो बंद न होता अडकून बसला तर पाणी तापतच राहतं. म्हणून हीटरवर वेगळा नियंत्रक, त्याची तार टाकीच्या दुसऱ्या टोकाला. डिसेंबर-जानेवारीत मी रात्री झोपण्यापूर्वी गिऱ्हाइकांना एकच फोटो मागते, तापमापकाचा.

मशरूम वाढतं कसं, हे बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात मोठा आनंद. चकती दगडावरून सावकाश सरकते आणि मागे तळव्याचा बारीक तुकडा सोडते. त्या तुकड्याला काही आठवड्यांत तोंड फुटतं, तो नवा मशरूम होतो. कधी चकती स्वतःच मधून ताणत ताणत दोन होते. मी ब्लेडने कापते तेव्हाही तेच. तोंड मध्ये धरून सरळ दोन भाग, दोन्ही भाग जगतात. कापताना हातमोजे आणि चष्मा घालते; मशरूमसाठी तेवढं लागत नाही, पण खाऱ्या टाकीत कधी बटणासारखे झोअँथिड येतात आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. ते बसलेला दगड उकळायचा नाही, गरम पाण्यानेही धुवायचा नाही, हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा बजावते. कापलेला मशरूम बुळबुळीत, त्याला गोंद धरत नाही. छोट्या वाटीत शिंपल्यांचे तुकडे घालायचे, त्यावर तो ठेवायचा, वरून मच्छरदाणीची जाळी बांधायची आणि वाटी प्रवाह नसलेल्या कोपऱ्यात ठेवायची. आठ-दहा दिवसांत तो एखाद्या तुकड्याला धरतो. मग तुकडा चिकटवायचा, मशरूम नव्हे.

असा हा प्राणी कापला तरी वाढणारा, म्हणून त्याला हौशी लोकांत ‘नवशिक्यांचं प्रवाळ’ म्हणतात. मला ते आवडत नाही. वाढणाऱ्यावर वचक ठेवावा लागतो. प्रशांत महासागरात पाल्मायरा नावाच्या प्रवाळबेटाजवळ १९९१ साली एक मासेमारी जहाज खडकावर आपटून बुडालं. त्याच्याभोवती रोडॅक्टिस जातीचे मशरूम इतके माजले की कडक प्रवाळ झाकून गेले, मोठा पट्टा नुसता मशरूमचा झाला. जहाजाच्या लोखंडातून पाण्यात गेलेलं लोह याला कारण असावं असा संशोधकांचा कयास होता, आणि २०१३ साली ते जहाज उचलून नेण्यात आलं. टाकीतही हे होतं. रोडॅक्टिस शेजाऱ्याला डंख मारून जागा बळकावतं. म्हणून त्याला वेगळा दगड, वाळूत सुटा, इतरांना न टेकणारा. एक जात तर मासेही खाते. हत्तीच्या कानासारखं पसरणारं ॲम्प्लेक्सिडिस्कस कडा वर उचलून मध्ये ओढतं आणि लहान मासा आत कोंडला जातो. क्लाउनफिश त्यालाच घर समजून आत शिरतो. दवाखान्यातल्या टाकीत मी ते कधी ठेवत नाही.

महाराष्ट्राचे स्वतःचे प्रवाळ आहेत हे इथे फार थोड्यांना माहीत असतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून आत, खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलेला आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं प्रवाळांचं पठार. मालवणला जाणाऱ्या गिऱ्हाइकांना मी सांगते, पाण्यात उतरा, बघा, पाय टेकवू नका आणि एकही तुकडा खिशात घालू नका. परतल्यावर काही जण टाकीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसतात आणि मग पाण्याच्या तापमानाबद्दल प्रश्न विचारतात, ज्याबद्दल आधी कधी विचारलं नव्हतं.

कापून तयार झालेली पिल्लं मी विकत नाही. मजुरी घेते, पाण्याची, मिठाची किंमत घेते, मशरूम फुकट देते, एका अटीवर की त्याची पहिली पिल्लं पुढच्या कोणाला तरी फुकट द्यायची. दुकानदारांना हे वेडेपणाचं वाटतं. पण अशी वाटत गेलेली प्रत्येक चकती म्हणजे कोणाला तरी समुद्रातून आणवावी लागली नाही अशी एक चकती, आणि मला त्याचीच किंमत जास्त आहे. जळगाव-धुळ्यात आज ज्या खाऱ्या टाक्या मी बघते, त्यांतल्या बहुतेकांचं हिरवं रोडॅक्टिस एकाच आईचं आहे.

पारोळ्याच्या एका शिक्षिकेने यंदा टाकी भरली आहे. दगड माझ्या पिंपातले, पाणी शून्य टीडीएसचं. जिवाणू रुजायला महिनाभर माशांशिवाय ठेवली, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, नायट्रेट दिसायला लागलं. पंखा आणि इन्व्हर्टर लागले आहेत, काचेवर रेघ मारून झाली आहे. मशरूम मी जुलैत नेणार आहे, गाडीत थर्मोकोलच्या डब्यात वाटेत पाणी तापायचं थांबलं की. पण तोवर तिच्या टाकीतलं पाणी २७ च्या वर जाणार, म्हणून आम्ही दोघी आत्ताच ठरवतोय की उलटी हवा फेकणारा पंखा कुठल्या खिडकीत बसवायचा.